बुडाला लागलेलं

आमच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात चाळीस पातेली, अकरा कढया, सहा मोठ्या पराती, झारे, सराटे, बादल्या आणि आमटी वाढायचे डाव असा सगळा पसारा आहे. लग्न असो, साखरपुडा असो, दशक्रिया, जागरण-गोंधळ नाहीतर हरिनाम सप्ताह, वरवंड, कडेठाण, पाटस, कानगाव या टापूतली माणसं भांडी न्यायला आमच्याकडं येतात. भांडी भाड्यानं द्यायचा हा धंदा सासऱ्यांनी सुरू केला आणि गेली सत्तावीस वर्षं तो मी बघते. वही आता मुलगा लिहितो. परत आलेलं भांडं उतरवून घ्यायचं काम मात्र मी अजून कुणाच्या हातात दिलेलं नाही.

भांडी घासून परत करायची अशी रीत आहे आणि लोक ती पाळतातही. पण कार्य उरकलेलं असतं, घरची माणसं दमलेली असतात, पाहुण्यांच्या गाड्या निघालेल्या असतात. अशा वेळी जे दिसतं ते घासलं जातं. कड घासतात, कान घासतात, बाहेरची बाजू चकचकीत करतात आणि बूड तसंच राहतं. टेम्पोतून पातेलं खाली आलं की मी आधी आत हात घालते. ओल्या भांड्यात काळा डाग आणि सावली सारखीच दिसते, डोळे फसतात. बोटं फसत नाहीत. बोटाला खरखर लागली की ते भांडं शेडमध्ये न जाता मोरीकडं जातं.

बूड बघून आदल्या दिवशीचा स्वयंपाक कसा झाला ते मला सांगता येतं. लापशीच्या पातेल्याला बरोबर मधोमध ताटलीएवढा काळा गोल असला, तर भट्टीचं आतलं एकच कडं पेटलेलं होतं. एका बाजूला चंद्रकोरीसारखा डाग असला, तर तीन दगडांवर पातेलं होतं आणि वाऱ्यानं जाळ एकीकडं ओढला होता. गोलाच्या आत पांढरे पट्टे दिसले तर ढवळणारा माणूस होता, पण त्याचा हात दमला होता. सराटा जिथं टेकून फिरला तिथं बूड स्वच्छ राहिलं आणि जिथं वरच्यावर फिरला तिथं अन्न धरलं. आमटीच्या पातेल्यात डाळीचे वेगवेगळे ठिपके लागलेले असले तर फोडणीआधी डाळ नीट घोटली नव्हती. मटणाच्या पातेल्याचं बूड बहुतेक वेळा ठीक असतं, त्यात पाणी भरपूर असतं. तिथं कडेला तेलाची पिवळट रेघ राहते आणि ती घासायला बुडापेक्षा जास्त वेळ जातो. एकदा एका सप्ताहातून परत आलेल्या पातेल्यात नखाएवढा सुद्धा डाग नव्हता. मी टेम्पोवाल्या पोराला विचारलं, आचारी कोण होता? तो म्हणाला, आचारी नव्हता मावशी, गावातल्या बायांनी आळीपाळीनं ढवळलं. ते पातेलं मी त्या दिवशी नुसतं विसळून ठेवलं.

लागणं, खरवड आणि करप हे आमच्याकडचे तीन शब्द आहेत आणि घासणाऱ्या माणसानं त्यांची गल्लत करायची नाही. लागलं म्हणजे अन्नानं बूड धरलं, अजून वेळ गेलेली नाही. खरवड म्हणजे दुधाच्या पातेल्याला, पिठल्याच्या कढईला तळाशी जो तांबूस पापुद्रा धरतो तो. तो उलथन्यानं काढून लेकरं भांडून खातात. करप म्हणजे तेच अन्न काळं होऊन कडू झालेलं. या तिघांमधलं अंतर पाच-सात मिनिटांचं असतं. जोवर बुडाशी हलतं पाणी आहे, तोवर तिथली उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते. लापशी घट्ट झाली की पाणी वरखाली फिरायचं थांबतं, तळाचा थर जागच्या जागी कोरडा होतो आणि उष्णता झपाट्यानं वर जाते. एकशे चाळीस अंशांच्या पुढं अन्नातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली ही क्रिया पहिल्यांदा मांडली, म्हणून ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. बाजरीच्या भाकरीवरचे तांबूस फोड, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, खरवड, ही सगळी तिचीच करणी. जाळ तसाच राहिला की पुढं त्या थरातलं पाणी आणि वास निघून जातो आणि उरतो तो जवळजवळ कोळसा. कोळसा पाण्यात विरघळत नाही, साबणात विरघळत नाही. म्हणून करप घासून विरघळवायचा विचारच सोडायचा. करप आणि धातू यांच्या मध्ये अर्धवट जळलेल्या अन्नाचा एक पातळ थर असतो. तो भिजवून सैल करायचा, म्हणजे वरचा कोळसा आपोआप सुटतो.

एवढी एक गोष्ट समजायला मला कितीतरी वर्षं लागली. लग्न होऊन आले तेव्हा मी तारेची घासणी घेऊन बुडावर तुटून पडायची. खांदे भरून यायचे, नखांच्या कडा फाटायच्या आणि भांड्यावर ओरखडे उठायचे. सासूबाई बोलायच्या नाहीत. संध्याकाळी त्या स्वतः एका पातेल्यात कोमट पाणी आणि दोन मुठी राख टाकून ठेवायच्या आणि सकाळी काथ्यानं चार हात मारून ते पालथं घालायच्या. माझी चार पातेली होईपर्यंत त्यांची नऊ झालेली असायची.

खरं तर ही गोष्ट मला माहेरीच कळायला हवी होती. माझं माहेर केडगावच्या बाजूचं. दौंड तालुक्यात तेव्हाही गुऱ्हाळं होती, आजही हायवेनं जाताना चिमण्यांचा धूर दिसतो. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. काहील म्हणजे लोखंडी पत्र्याची ती भली मोठी उथळ कढई. आम्ही पोरं तिच्यात आडवी झोपू शकलो असतो. खाली चिपाडाचा जाळ, वर उसाचा रस. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्यानं काढून टाकायची. पुढं पाक घट्ट व्हायला लागला की गुळव्या कुणाशी बोलायचा नाही. थेंबभर पाक पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी करून बघायचा आणि गोळी बसली की हाक द्यायचा. 118 ते 120 अंशांच्या आसपास गूळ येतो. आणखी थोडा वेळ गेला तर रंग काळपट होतो आणि बाजारात भाव पडतो. पाक वाफ्यात ओतला रे ओतला की रिकाम्या काहिलीत ताबडतोब थंड रस ओतायचा, कारण खालचा जाळ काही विझत नाही. मी लहानपणी समजायची की ही नुसती दुसऱ्या आधणाची घाई. पण काहिलीच्या बुडाला जो गुळाचा पातळ थर राहिलेला असतो, तो करपायच्या आत त्याला पाणी मिळावं म्हणून ती घाई असते. रसानं तो थर विरघळतो आणि काहील घासायची वेळच येत नाही. चोवीस तास जाळावर असणारं भांडं हंगामभर करपत नाही, ते त्या एका मिनिटामुळं.

म्हणून आता भांडी द्यायच्या वेळी मी आचाऱ्याला एवढंच सांगते: वाढून पातेलं रिकामं झालं की त्यात तांब्याभर गरम पाणी ओतून ठेव, बाकीचं मी बघेन. गरमच का, तर पातळ बुडाच्या तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं की बूड वाकतं. मग ते भट्टीवर सपाट बसत नाही आणि पुढच्या वेळी हमखास एकाच जागी करपतं. बिडाच्या तव्याला तर तडाच जातो. अन्न लागल्याचा वास आला तर ढवळायचं नाही, हेही सांगते. घाबरून सगळे आधी ढवळतात आणि तळाचा कडवटपणा अख्ख्या पातेल्यात पसरतो. जाळ बंद करून वरचं अन्न अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, तळाला डाव लागू दिला नाही, तर पाचशे माणसांचं जेवण वाचतं. असं जेवण वाचलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ढवळून गेलेलंही पाहिलं आहे. ते मुलीच्या लग्नातलं होतं. तिच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

आता भिजवायचं ते कशात, हा खरा प्रश्न. काय लागलंय आणि कशाला लागलंय, या दोन गोष्टी कळल्याशिवाय मी कुठलंच भांडं भिजत घालत नाही.

आमच्याकडची बहुतेक मोठी पातेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. ती हलकी असतात, स्वस्त असतात आणि उष्णता पसरवायला स्टीलपेक्षा पंधरापट चांगली असतात, म्हणून त्यांत अन्न एकाच जागी चटकन लागत नाही. पण जर्मनला सोडा चालत नाही. हे मी नुकसान सोसून शिकले. धंद्यात नवी असताना एका दुकानदारानं मला धुण्याचा सोडा दिला आणि सांगितलं, रात्रभर भिजव, सकाळी आपोआप निघेल. मी तीन नवी पातेली तशी भिजवली. रात्री पाण्यातून बारीक बुडबुडे येत होते, मला वाटलं काम चाललंय. सकाळी करप निघाली होती खरी, पण पातेली आतून काळीठिक्कर पडली होती आणि हात फिरवला तर बुडाला देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे लागत होते. सोड्यानं धातूच खाल्ला होता. ते बुडबुडे त्याचेच होते. सासरे आले, त्यांनी एक पातेलं उचलून उन्हात धरलं, पुन्हा खाली ठेवलं आणि म्हणाले, आता ही जनावरांच्या पाण्याला. त्या वर्षीच्या लग्नसराईची निम्मी कमाई त्या तीन पातेल्यांत गेली होती.

जर्मनला आंबट चालतं. चिंचेचा कोळ, लिंबाच्या साली, जुनी आमसुलं, जे हाताशी असेल ते पाण्यात टाकून पातेलं मंद जाळावर वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं आणि तसंच निवू द्यायचं. मग लाकडी उलथन्यानं कडेकडेनं रेटलं की थर पापडासारखा उचलतो, आणि धातू उजळतो तो वेगळाच. स्टीलला सोडा चालतो. पाच लिटर पाण्याला चार चमचे खायचा सोडा टाकून उकळायचं. उकळताना त्यातला कर्बवायू निघून जातो आणि साधा खायचा सोडाच धुण्याच्या सोड्यासारखा तिखट होतो. त्या पाण्यात उघडा हात घालू नये.

राखेचं गुपितही हेच आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे एक प्रकारचा सोडाच. राखेचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं ते त्यामुळं. युरोपात राख पाण्यात मुरवून ते पाणी भांड्यात आटवायचे, म्हणून तिला भांड्यातली राख या अर्थी पॉटॅश म्हणायचे. हम्फ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये त्यातून नवा धातू वेगळा काढला आणि त्याचं नाव पोटॅशियम ठेवलं. मुलानं दहावीच्या वर्षाला असताना मला हे वाचून दाखवलं, तेव्हा मी मोरीपाशी राखेचीच वाटी घेऊन बसले होते. सगळी राख सारखी नसते, हे मात्र त्याच्या पुस्तकात नव्हतं. बाभळीची राख मऊ, तिचा गुण चांगला. माहेराहून एकदा मी हौसेनं गुऱ्हाळाची पोतंभर राख आणली होती. ती चिपाडाची राख. तिच्यात वाळूसारखा अंश जास्त आणि सोडा कमी. बुळबुळ नाही आणि ओरखडे मात्र भरपूर. ती शेवटी केळीच्या बुंध्यात गेली.

शेडच्या आतल्या फळीवर तांब्याची दोन पातेली आहेत, ती मी भाड्यानं देत नाही. सासऱ्यांनी ती पुण्याहून कसब्यातल्या तांबट आळीतून आणली होती. हातोडीनं ठोकून केलेलं मठारकाम त्यांवर आहे; उन्हात धरलं की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. आतून कल्हई. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील 232 अंशांनाच वितळतं. पाणी आटून पातेलं जाळावर राहिलं तर करप लागायच्या बरोबरीनं कल्हईचे चंदेरी मणी होऊन बुडाशी गोळा होतात. आमच्या घरच्याच एका कार्यात हे एकदा झालं. अशा पातेल्याला तार लावली की उरलेली कल्हईही गेली आणि उघड्या तांब्यात पुढचं ताक कळकलं. ते नुसत्या कोमट पाण्यात दोन दिवस भिजवून फडक्यानं पुसत न्यायचं, मग कल्हईवाल्याकडं. पूर्वी तो भाता घेऊन दारात यायचा, नवसागराचा पांढरा धूर आळीभर व्हायचा. आता पातेलं घेऊन त्याला शोधत जावं लागतं. मी जाते.

अन्नाचंही तसंच. भाताला, लापशीला गरम पाणी आणि रात्र पुरते. पिठूळ थर पाणी पिऊन फुगतो आणि सुटतो. पाक लागला असेल तर उकळतं पाणी लगेच, कारण काळी व्हायच्या आधीची साखर पाण्याचं ऐकते. दूध सगळ्यांत हट्टी. ते आधी गार पाण्यात, मग जसा धातू तसं उकळवून, आणि तरीही दोनदा करावं लागतं. बासुंदीचं पातेलं आलं की मी बाकीची कामं दुसऱ्या दिवसावर टाकते.

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि लोणी, यवत करत वरवंडला मुक्कामाला येते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराजांनी 1685 मध्ये हा सोहळा सुरू केला असं सांगतात. पालखी गावात विठ्ठल मंदिरात असते आणि दिंड्या घराघरांत, शाळेत, रानात. आमच्या अंगणात एक दिंडी सासऱ्यांच्या काळापासून उतरते. आदल्या मुक्कामाला यवतला पिठलं-भाकरी झालेली असते, म्हणून आम्ही लापशी आणि आमटी-भात करतो. त्या रात्री शेडमधलं एकही भांडं भाड्यावर नसतं. दिवसभर पावसात चालून आलेल्या बाया हात धुतात न धुतात तोच ढवळायला पुढं होतात. त्यांना नको म्हणायचं नसतं, आणि मी म्हणतही नाही.

गेल्या वर्षी लापशी जरा लागली. करपली नाही, लागली. वास येताच मी जाळ ओढला आणि वरची लापशी काढून घेतली. तळाशी खरवड होती, तांबूस, गुळाची. सत्तरीच्या एक आजी ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, खालचं हाय का गं माये? मी उलथन्यानं पापुद्रा काढून त्यांच्या ताटात ठेवला. दात नव्हते त्यांना. त्यांनी तो गरम आमटीत बुडवून मऊ केला आणि सावकाश खाल्ला. सकाळी टाळ वाजायच्या आधी त्या मोरीपाशी आल्या, पदर खोचला आणि रात्रभर भिजलेलं तेच पातेलं ओढून बसल्या. मी काथ्या पुढं केला. त्यांनी तो बाजूला ठेवला, तळहातानंच बूड चाचपलं, अंगठ्याच्या नखानं कडेचा थर उचलला आणि पाण्यासकट ओतून दिला. पूर्ण निघाला. गाव कुठलं म्हणून विचारलं तर परभणीकडचं एक नाव सांगितलं, ते गलक्यात मला नीट ऐकू आलं नाही.

पालखी पाटसच्या दिशेनं निघाली, पुढं रोटी घाट चढून उंडवडीला. तास-दीड तासात रस्ता रिकामा झाला. अंगणात एकोणतीस पातेली पाण्यानं भरून ठेवली होती, काहींत चिंच, काहींत राख. मुलगा म्हणाला, आई, उद्या घासू. मी म्हटलं, घासायचं कुठं आहे अजून, भिजू दे. चुलीत निखारे होते, त्यावर दुधाचं पातेलं ठेवलं आणि मी ओट्यावर जरा आडवी झाले. दुपारी उठले तेव्हा थेंबथेंब पाऊस चालू होता आणि दुधाच्या पातेल्यातल्या पाण्यावर तळहाताएवढा काळा पापुद्रा तरंगत होता.